असाल तसे निघावे

ड्रेस्डेन, १२ जून २००५

ती. अक्कास,
शरदचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं जर्मन तिकीट पाहून हे पत्र भाच्याचं, मयुरेशचं असेल अशा समजुतीनं तू ते फोडलं असशील, तर कृपा करून आता मिटू नकोस. पत्ता मुद्दामच सुनेकडून लिहून घेतला आहे. पन्नास वर्षांत तुला एकोणीस पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. एकही पत्र परत मात्र आलं नाही, म्हणजे तू ती घेतेस. तेवढ्या आधारावर हे विसावं.

मयुरेशकडे तीन महिन्यांसाठी आलो आहे. पाच ऑगस्टला परतीचं विमान. पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त ओव्हरसियरला इथे काही काम नसतं. कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकायचा आणि नदीकाठी बसायचं, एवढाच दिनक्रम. परवा चहाचा चोथा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईनं मला हाताला धरून परत डब्यापाशी नेलं. लता असती तर आठवडाभर हसली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली, ते मी तुला कळवलं होतं.

आता मुद्द्याचं. युद्ध संपल्याला यंदा साठ वर्षं झाली. मे महिनाभर टीव्हीवर इथे दुसरं काही नव्हतं. एक दिवस जेवताना मी मयुरेशला सहज म्हटल्यासारखं म्हणालो, की तुझ्या आजोबांची बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली होती, इथे त्याची कुठे नोंद असेल का. त्याला एवढंच माहीत होतं की आजोबा मोंबासाहून येताना बोट बुडाली. त्यानं 'एस. एस. तारापूर' हे नाव कॉम्प्युटरवर टाकलं, जुन्या आरमारी कागदांच्या एका संग्रहाला पत्र लिहिलं, आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं. सोबत एका कागदाची झेरॉक्स. नोंद अशी: त्रेचाळीसचा जून, 'तारापूर' बुडाल्यावर होडीतल्या एका हिंदी प्रवाशानं आमच्या खलाशाच्या हातात दिलेला कागद, लिपी अनोळखी.

अक्का, नाना बोटीबरोबर बुडाले नाहीत. ते होडीत होते. चांगले जिवंत होते.

कागद नानांचाच कशावरून, असं विचारशील. वरती 'तीर्थरूप नानांस' एवढं स्पष्ट दिसतं. बाकीचं पाण्यानं फुटलं आहे, अक्षर लागत नाही.

एकच विचारतो. त्रेचाळीसच्या माघात आईनं माझ्याकडून नानांना पत्र लिहून घेतलं होतं, ते तुला आठवतं का? तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि मी लिहायचो. तू शेजारी वाती वळत होतीस. त्यात काय काय होतं, तुझ्या आठवणीप्रमाणे कळव. चार ओळी पुरेत.

तुझा
शरद


ड्रेस्डेन, २९ जून २००५

ती. अक्कास,
शि. सा. न.

उत्तर नाही. वेंगुर्ल्याला पत्र पोचायला नऊ दिवस लागतात असं पोस्टातली मुलगी म्हणाली, म्हणून रोज जिन्याखालची पेटी बघतो. मयुरेश म्हणतो, "बाबा, किल्ली माझ्याकडेच राहू द्या, तुम्ही दिवसातून चार वेळा उघडता. लोक बघतात." बघू देत.

ज्या खलाशानं तो कागद घेतला, तो अजून आहे. क्राउझं त्याचं नाव, वय ब्याऐंशी, इथून रेल्वेनं पाऊण तासावर एल्बंच्या काठी आल्टर्सहाइममध्ये असतो. म्हणजे आपल्याकडचा वृद्धाश्रम, फक्त खिडकीत फुलं जास्त. संग्रहाला झेरॉक्स त्यानंच दिली होती. मी लगेच निघालो होतो, पण मयुरेश म्हणाला, "इथे टेर्मिन घेतल्याशिवाय कुणी मरतसुद्धा नाही, बाबा." मग सुनेनं, ऊर्मिलानं, फोन करून वेळ घेतली. बरोबर तीच आली, तिचं जर्मन मयुरेशपेक्षा बरं आहे.

म्हातारा खुर्चीत बसला होता. मला पाहून उठायला लागला, उठता येईना. त्यानं जे सांगितलं ते ऊर्मिलानं मला जसं सांगितलं, तसंच लिहितो.

दुपार होती. बोट गेल्यावर पाणबुडी वर आली, कारण त्यांना बोटीचं नाव आणि माल विचारायचा होता. हा तेव्हा वीस वर्षांचा, डेकवर दोर धरून उभा. होडीत अठरा-वीस माणसं बसलेली. त्यात एकच माणूस उभा होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पायात काही नाही. आजूबाजूचे त्याला कोट ओढून खाली बसवत होते, कारण होडी कलंडत होती. तो दोन्ही हातांत एक कागद डोक्याच्या वर धरून इंग्रजीत ओरडत होता, "माय वाइफ इज सिक. शी इज डायिंग. आय मस्ट गो होम."

अक्का, नानांची टोपी. बोटीतून उड्या टाकताना जोडे गेले आणि टोपी राहिली.

कप्तान म्हणाला, सगळे असंच सांगतात. पाण्याचा एक डबा दिला, जमीन कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवलं. होडी जवळून गेली तेव्हा त्या माणसानं तो कागद क्राउझंच्या हातात कोंबला, स्टेशनवर तिकीट तपासनिसाला तिकीट देतात तसा. मग पाणबुडी निघून गेली. जमीन किती लांब होती, असं मी विचारलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पसरले आणि मांडीवर सोडून दिले. ती होडी कुठेच लागली नाही, हे तुला मला ठाऊक आहे.

त्यानं कागद बासष्ट वर्षं जपला. पूर्व जर्मनीच्या राज्यात पाणबुडीवरचे दिवस सांगायची सोय नव्हती, म्हणून लग्नाच्या फोटोमागे दडवला होता. एकदा लाइपझिगला शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याला दाखवला, तो तामिळ निघाला.

तू म्हणशील, आई तर कधी आजारी नव्हती. खरं आहे, ती त्या वर्षी ठणठणीत होती. मला वाटतं नानांनीच ती थाप मारली असावी. जीव वाचवायला माणूस काहीही बोलतो, त्यात त्यांचा दोष नाही.

येताना म्हाताऱ्यानं मूळ कागद मला दिला. आता तो माझ्याकडे आहे. तू एक ओळ तरी लिही.

शरद


ड्रेस्डेन, १७ जुलै २००५

अक्का,

मागचं पत्र टाकून घरी आलो आणि जेवू शकलो नाही. नानांनी आयुष्यात थाप मारली नाही, हे तू मला सांगायची गरज नाही. एकदा दुकानदारानं चुकून दोन शेंगदाणा-वड्या जास्त दिल्या, तर मला उन्हातून परत पाठवणारा माणूस. त्याला मी बासष्ट वर्षांनी खोटारडा ठरवला, आणि तेही तुला पटावं म्हणून. आता सगळं लिहितो. हे पत्र तू पुरं वाच, मग हवं तर चुलीत घाल.

कागद वाचता येतो. पहिल्या दिवसापासून येत होता. अक्षर माझं आहे, अकरा वर्षांच्या पोराचं, सरळ रेघ सोडून खाली घसरणारं. मजकूर असा:

"तीर्थरूप नानांस, बालके शरदचे शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम. मागील भिंत पडली ती काकांनी बांधविली. म्हैस व्याली. अक्काच्या पत्रिका बाहेर काढल्या आहेत, एक-दोन स्थळे आहेत, परंतु आपण आल्याशिवाय काही ठरविणार नाही असे आई सांगते. बोटी सुरक्षित झाल्यावरच यावे, घाई करू नये. आईस विषमज्वर झाला आहे. वैद्यांनी आशा सोडली आहे. ती आपले नाव घेते. असाल तसे निघावे."

'घाई करू नये' इथे आईचं सांगणं संपलं. पुढच्या चार ओळी माझ्या.

का, ते सांगतो. कारण ऐकून तुला माझ्या तोंडावर थुंकावंसं वाटेल. माझी मुंज. आळीतल्या सगळ्यांच्या आठव्या वर्षी झाल्या, मी अकराचा झालो तरी तसाच. पद्माकरकाका म्हणाले, वैशाखात मीच बसतो बापाच्या जागी, आणखी किती थांबायचं. मला काकांच्या मांडीवर बसायचं नव्हतं. त्यांच्या अंगाला तपकिरीचा वास यायचा. मला नाना हवे होते. बस, एवढंच. आईनं पाणी आणायला पाठ फिरवली आणि मी लिहून टाकलं. विषमज्वर हा शब्द नुकताच ऐकला होता, शेजारच्या घरी कुणी गेलं होतं. कागद घडी करून पाकिटात घातला. कुणाला काही कळलं नाही.

नाना मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत सुखरूप होते, अक्का. युद्ध संपेपर्यंत तिथेच राहणार होते. माझ्या चार ओळींनी त्यांना मिळेल त्या बोटीवर चढवलं. आणि होडीत उभं राहून त्यांनी तोच कागद पुरावा म्हणून दाखवला. मला रात्रंदिवस तेच दिसतं. माझं खोटं डोक्यावर धरून ते खरं बोलत होते.

आता तुझ्याबद्दल. आईला त्या पत्रातलं एकच वाक्य आठवत राहिलं, तुझ्या पत्रिकांचं. तिच्या मते नाना तुझं लग्न ठरवायला निघाले आणि गेले. ती कुणाकुणाला तसं बोलली, आणि गावाला तेवढं पुरलं. मुलीच्या लग्नापायी बाप गेला. तुला आलेली दोन्ही स्थळं फिरली, मग तिसरं आलंच नाही. मी हे सगळं पाहत होतो. माझी मुंज चव्वेचाळीसला शेवटी काकांच्याच मांडीवर झाली. मातृभोजनाला आई शेजारी बसली, कपाळाला कुंकू, नजर दाराकडे. तू वाढायला आलीस तर तिनं ताट बाजूला सरकवलं.

बोलायला मला बारा वर्षं होती. बोललो नाही.

पंचावन्न साली प्रेत न मिळालेल्या माणसाची बारा वर्षं भरली. भटजी म्हणाले, आता पालाशविधी करा. पळसाची तीनशे साठ पानं मी मोजली, माणसाच्या आकारात मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि कऱ्हाडच्या संगमावर त्या पानांच्या नानांना अग्नी दिला. घरी आल्यावर बायकांनी आईचं कुंकू पुसलं. तेव्हा काका सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्या लग्नापायी गेला माझा भाऊ." तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ. मी तेवीस वर्षांचा होतो, चांगला कमावता. मी खाली मान घालून हातावरची राख चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू गेलीस. समुद्र दिसेल अशा गावी शाळेत नोकरी धरलीस, तीही आपल्या मुलखापासून इतकी लांब. एकसष्टला आई गेली, तेव्हा तुझं नाव तिच्या तोंडी नव्हतं. तेही माझ्यामुळे.

आणखी एक राहिलं. क्राउझंनं विचारलं होतं, कागदात काय लिहिलंय. ऊर्मिला शेजारीच होती, तिनं वाचून जर्मनमध्ये सांगितलं. तिला बिचारीला काय माहीत. म्हातारा रडायला लागला. म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ. अगदी बरोबर. म्हणजे तो माणूस खरं सांगत होता." मग माझा हात धरून त्यानं विचारलं, त्याची बायको वाचली का. ऊर्मिला माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, हो, बरी झाली, पुढे पुष्कळ वर्षं जगली. त्यानं माझा हात कपाळाला लावला आणि कागद दिला. म्हणजे हा कागदसुद्धा मी खोटं बोलूनच मिळवला.

कागद कुणाकडे असावा, ते तू सांग. म्हणशील तर रजिस्टर्डनं पाठवतो. तू नुसतं 'वाचलं' एवढं लिही. शिव्या दे. काहीही दे, अक्का.

शरद


ड्रेस्डेन, २८ जुलै २००५

अक्का,

आठ दिवस राहिले. पेटीत वीज कंपनीचं पत्र आणि पिझ्झावाल्याची जाहिरात, बाकी काही नाही.

परवा मी ऊर्मिलाला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती, म्हटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "बाबा, अहो, तुम्ही अकरा वर्षांचे होतात." मी म्हटलं, तेवीस वर्षांचाही होतो. तिनं लाटणं बाजूला ठेवलं आणि मला खुर्ची दिली. मला ते बरं वाटलं.

मी तिला म्हणालो, मला पुन्हा क्राउझंकडे ने, त्याला खरं सांगायचं आहे. तिनं टेर्मिनसाठी फोन केला. तो बावीस तारखेला गेला. त्याच्या मुलीनं सांगितलं की शेवटचे तीन आठवडे तो फार निवांत होता, भेटेल त्याला सांगायचा की त्या हिंदी माणसाची बायको बरी झाली. मुलीनं माझे आभार मानले. ऊर्मिलानं फोन ठेवला.

त्याला खरं सांगायची वेळ गेली. तुझी जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. तू आहेस ना? पत्रं परत येत नाहीत यावर मी विश्वास ठेवून बसलो आहे. पण तुझ्या घरातलं दुसरंच कुणी ती घेऊन कोनाड्यात टाकत असेल तर? तू शहात्तरची आहेस. हा विचार आला की बसवत नाही. दोनदा वेंगुर्ल्याच्या पोस्टात फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही.

काल कागद पाकिटात घालून पोस्टात गेलो. वाटलं, तुझ्या हाती असला की चार लोकांना दाखवशील, की बघा, माझ्यामुळे नाही. रांगेत उभा राहिल्यावर लक्षात आलं की दाखवणार कुणाला. आई नाही, काका नाहीत, ती स्थळं आणणारी माणसं नाहीत. तुला दोष देणाऱ्यांत जिवंत असा मी एकटा उरलो आहे, आणि मी तर तोंडानं दोष कधी दिलाच नव्हता. नंबर आला तेव्हा खिडकीतली मुलगी हात पुढे करून थांबली. मी पाकीट खिशात घालून परत आलो.

सहा तारखेला मुंबईला उतरतो. तिथून थेट वेंगुर्ल्याला यावं असं मनात आहे. पण तू दार लावून घेतलंस तर मी त्या पायरीवरून कुठे जाऊ, ते मला कळत नाही. एक ओळ, अक्का. ये म्हण किंवा येऊ नको म्हण.

शरद


वेंगुर्ले, २७ जुलै २००५

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सतरा तारखेचं पत्र आज सकाळी आलं. आधीची दोन्ही गेल्या महिन्याभरात आली होती. दुसरं वाचून मी भिंतीवरचा नानांचा फोटो उतरवून पुसून पुन्हा लावला. नाना खोटं बोलले असं तू लिहिलंस, ते मी विसरणार नाही. बाकीचं बघू.

कुणाला काही कळलं नाही, असं तू लिहितोस. पत्र तू लिहिलंस, पण पोस्टात कुणी टाकलं, ते आठव. आईनं मला पाठवलं होतं. तू पाकिटाला खळ लावायला विसरला होतास. माझ्या पत्रिकांबद्दल आईनं काय लिहवलंय ते मला बघायचं होतं, म्हणून मारुतीच्या देवळामागे उभी राहून मी ते वाचलं. तुझ्या चार ओळीही वाचल्या. आई घरी पापड लाटत होती, धडधाकट. मला तिथूनच परत फिरता आलं असतं. कागद फाडता आला असता. मी चौदा वर्षांची होते, तुझ्यापेक्षा जास्त समजत होतं. पण मनात आलं, असू दे, नाना तर येतील. देवळातल्या पुजाऱ्याकडून खळ मागून घेतली, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

म्हणून काका बोलले तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. त्यांचं वाक्य चुकीचं होतं, बोट बरोबर माणसाकडे होतं. मी तुझ्याकडे पाहत होते, कारण एकटीनं सांगायची माझी हिंमत नव्हती. तू काही बोलावंस असंसुद्धा नव्हतं. नुसता उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला असतास तर पुढचं मी बोलले असते. तू राख चोळत बसलास.

तुझी एकोणीस पत्रं माझ्याकडे आहेत. प्रत्येक पत्र उघडताना वाटायचं, यात असेल. लताचं बाळंतपण होतं, मयुरेशची परीक्षा होती, धरणाची कामं होती. ते नव्हतं. ज्यात ते नाही त्याला काय उत्तर लिहायचं?

कागद पोस्टात टाकू नकोस. आपल्या दोघांच्या हातून पोस्टात एक पत्र गेलं, तेवढं पुरे झालं. स्वतः घेऊन ये. मला तो हातात धरून बघायचा आहे, नानांनी धरला होता तसा.

सावंतवाडीहून दुपारी दोनची गाडी आहे. मी स्टँडवर येणार नाही, गुडघे चालत नाहीत. शाळेच्या मागची वाट, शेवटचं घर, दार उघडंच असतं. कपडे कमी आणलेस तरी चालेल, इथे पावसात काही वाळत नाही. घरी जाऊन सामान लावत बसू नकोस.

असशील तसा निघ.

अक्का